‘ग्रुप थेरपी म्हणजे स्वस्तातली थेरपी’: फिरत्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘ग्रुप थेरपी पैसे नसलेल्यांसाठी. तासाभरात आठ जण, म्हणजे वाट्याला सात मिनिटं. आणि गंगापूर रोडवर बोललेलं संध्याकाळपर्यंत सिडकोत पोचतं. थेरपी घ्यायची तर एकट्यानंच.’

सात मिनिटांचा हिशेबच चुकीचा. ग्रुप थेरपी म्हणजे मनाच्या त्रासावर काही जणांनी थेरपिस्टसोबत एकत्र बसून घेतलेला उपचार. गटाचं सत्र बहुधा ९० मिनिटांचं असतं आणि वेळ वाटून दिलेला नसतो. घरी आपण कसे वागतो, हे एकट्याच्या सत्रात सांगावं लागतं. गटात ते समोरच घडतं. कोणी मध्येच तोडतं, कोणी विनाकारण माफी मागतं, कोणी गप्प होतं. थेरपिस्ट तिथंच थांबवून त्यावर काम करतो.

स्वस्त? सुरुवात खरोखर गरिबांपासून झाली. १९०५ मध्ये बोस्टनच्या डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरुग्णांचे वर्ग भरवले. पण फी कमी म्हणून गुण कमी, असं होत नाही. नैराश्यासारख्या त्रासात एकच उपचारपद्धती एकट्याला किंवा गटात दिली, तर परिणाम साधारण सारखेच दिसतात. अपवाद आहेत. लोकांत वावरायची तीव्र भीती असेल किंवा आघातातून आलेला त्रास असेल, तर आधी एकट्याची थेरपी बरी.

गुपिताची भीती मात्र रास्त आहे, ती झटकून टाकू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयतेचं बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. शेजारी बसलेला सदस्य फक्त शब्दानं बांधलेला. म्हणून गटाआधी प्रत्येकाची स्वतंत्र भेट हवीच. राहणं कुठं, नोकरी कुठं, नातेवाईक कोण, हे तिथं विचारतात. सातपूरच्या एकाच कंपनीतले दोघे किंवा एकाच भावकीतले दोघे एका गटात नकोत. तरीही ओळखीचा चेहरा दिसला, तर बोलणं सुरू व्हायच्या आधी थेरपिस्टला सांगा. आणि सदस्यांनी आपसात व्हॉट्सॲप ग्रुप काढू नये: बाहेर कुजबुजलेलं खोलीत येत नाही, दोन तट पडतात, गट मोडतो.

ही भेट न घेताच कोणी पंधरा-वीस जणांना बसवून व्याख्यान देत असेल, तर ती ग्रुप थेरपी नव्हे. तिथली फी वाचवा.

जीव द्यावासा वाटत असेल तर गटाची वाट पाहू नका. लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, किंवा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.