फेब्रुवारीतलं गाव

परवा वाडीच्या ग्रुपवर एकाने विचारलं, "आपल्याकडे भय्ये, नेपाळी, कानडी मिळून किती टक्के झाले? आकडा आहे का कुणाकडे?" खाली अकरा जणांनी लाल चेहरे टाकले. आकडा एकाकडेही नव्हता. विचारणारा राहतो डोंबिवलीला. त्या अकरातले सात मुंबईत आणि एक मस्कतला. मोजायची खोड आहे मला, म्हणून मोजले.

ही खोड सरकारी आहे. २०११च्या जनगणनेत मी प्रगणक होते. पोलिओपासून निवडणुकीपर्यंत जे कुणाला नको ते प्राथमिक शिक्षकाला, या न्यायाने आमच्या वाट्याला कुवारबावच्या बाजूचा एक गट आला. कुवारबाव, नाचणे, मिरजोळे ही रत्नागिरीची उपनगरंच, कागदावर मात्र ग्रामपंचायती. एमआयडीसी होतीच, १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि पूर्वी जिथे कातळ आणि आंब्याची कलमं होती तिथे बिल्डिंगी उभ्या राहिल्या. शाळा सुटली की पिशवीत फॉर्म घालून निघायचं. फॉर्मला घडी घालायची नाही, सुरकुती पाडायची नाही, मशीन वाचणार आहे, असं ट्रेनिंगमध्ये इतक्यांदा बजावलं होतं की मी ते तान्ह्या पोरासारखे सांभाळत होते.

पहिल्याच दिवशी एका आजीने अडवलं. "लिव गो बाय, माज्या तिनव पोरांची नावां लिव." पोरं कुठे? मुंबईला. कधीपासून? मोठ्याला वीस वर्षं झाली. मी म्हटलं, आजी, मग ती तिकडे मोजतील. आजी रेशनकार्ड घेऊन आली. कार्डावर तिघंही होते, गणपतीलाही तिघं येतात, मग सरकारला दिसत कशी नाहीत? मी आजीचं एकटीचं नाव लिहिलं. तिने पुढे दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही.

नंतर आकडे लागले तेव्हा ती आजी आठवली. २००१ला रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती, २०११ला १६,१५,०६९. सिंधुदुर्गही घटला. राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ बायका, आमच्या जिल्ह्यात ११२२. हे काही स्त्रीजन्माचं स्वागत नव्हे. आमचे पुरुष डोंबिवलीत मोजले गेले, एवढाच त्याचा अर्थ.

तर टक्के काढायचे कशाचे? गणपतीत मोजलं तर हे एक गाव आहे आणि फेब्रुवारीत मोजलं तर दुसरंच. जनगणना होते फेब्रुवारीत.

फेब्रुवारीत इथे कोण असतं ते सांगते. मोहोर आणि कैरीचे दिवस, त्यामुळे बागेच्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, नेपाळी कुटुंबं. फवारणी, राखण, रात्रभर वानरांच्या मागे बॅटरी घेऊन धावणं हे सगळं त्यांच्याकडे. बंदरावर होड्यांवर नेपाळी खलाशी, कारण मासेमारी बंद होते ती १ जूनला. रस्त्याला आणि पायाला खडी वाहणारी विजापूरकडची माणसं. स्टेशनजवळ फर्निचर आणि पीओपीवाले उत्तरेकडचे. आणि त्यांच्यामध्ये आपण: भंडारी, कुणबी, खारवी, मराठे, बौद्ध, ब्राह्मण, कोकणी मुसलमान, मासेमारी करणारे मुसलमान दालदी. या 'आपण'लाही १९११ साली कुणी ग्रुपवर एकत्र घेतलं नसतं.

बेघरांची नोंद करायची रात्र होती २८ फेब्रुवारीची. एका अर्धवट बिल्डिंगसमोर खडीच्या ढिगाशेजारी एक कुटुंब उघड्यावर झोपलं होतं. नवरा, बायको, तीन पोरं, चुलीत निखारे. आम्ही त्यांना सरसकट 'कानडी' म्हणतो. मी मातृभाषेच्या रकान्यात जवळजवळ 'कन्नड' लिहून मोकळी होणार होते, पण विचारायचं म्हणून विचारलं. बाई म्हणाली, लमाणी. कन्नड येते, पण ती बाजारातली. मी लमाणी लिहिलं. पुढे सरकारी तक्त्यात लमाणी जाऊन पडते हिंदीच्या पोटात. म्हणजे गाव म्हणतं कानडी, दिल्ली म्हणते हिंदी आणि ती बाई पोराला झोपवते तिसऱ्याच बोलीत. आपण हसायचं कारण नाही. सिंधुदुर्गात कुणी बाणेदारपणे 'मालवणी' सांगितलं की तो कोंकणीत जमा होतो आणि शेजारी 'मराठी' म्हणाला की मराठीत. घरात कालवण तेच, शिव्या त्याच.

त्या बाईने मला पाणी देऊ केलं होतं. मी नको म्हटलं आणि पुढच्या बंगल्यात मागून प्यायले. हे इथे लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं ते झालं.

मातृभाषेचा रकाना सगळ्यात मजेशीर. व्याख्या साधी आहे: लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची ती. एका मुसलमान घरात चाचांनी ठासून 'उर्दू' सांगितलं आणि लगेच आत वळून अस्सल कोकणीत दोन कप चहा पाठवायला सांगितला. एका ब्राह्मण घरात आजोबा 'शुद्ध मराठी' म्हणाले, तर आजी स्वयंपाकघरातून चित्पावनीत काहीतरी पुटपुटल्या. दोन्हीकडे सांगतील तेच लिहिलं, नियमच तसा. माणूस आपली आई सांगत नसतो, आपण कुणात मोडावं ते सांगत असतो.

पण एका घरी नियमानेच माझी जीभ जड झाली. धर्म: बौद्ध. पुढचा रकाना: अनुसूचित जात असल्यास यादीतलं नाव. गुरुजीच होते ते, निवृत्त. म्हणाले, "बाई, ५६ साली जे नाव आम्ही टाकलं, ते तुमच्या फॉर्मसाठी परत उचलायचं?" 'नवबौद्ध' यादीत नाही, आणि यादीतलं नाव नसेल तर सवलतीच्या हिशेबात माणूस धरला जात नाही, एवढं मी कसंबसं बोलले. ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी स्वतःच पेन घेतलं, नाव लिहिलं आणि पेन परत दिलं. चहा झाला. त्या विषयावर दोघंही पुढे बोललो नाही.

आता २०२७ला सगळ्यांचीच जात विचारणार आहेत. सगळ्या जातींचे आकडे छापले गेले ते शेवटचे १९३१चे. त्याच वर्षी आमच्या रत्नागिरीत भागोजी कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर सगळ्या जातींच्या हिंदूंना उघडलं गेलं. मोजावी की नाही यावर मी भांडणार नाही. माझं मत मोजावी असंच आहे, कारण न मोजल्याने ती गेल्याचं मी तरी पाहिलं नाही.

रकाने कसे बनतात याची एक गंमत. माझा पुतण्या न्यू जर्सीत, एडिसनला. तिथे जनगणनेत थेट वंश विचारतात, त्याने 'एशियन इंडियन'वर खूण केली. हा रकाना १९८०चा. त्याआधी १९७०ला आपली माणसं गोऱ्यांत धरली होती. आणि १९३० व १९४०ला तिथे 'हिंदू' हा चक्क वंश होता! आमच्या राजिवड्याचा दालदी तेव्हा तिथे उतरला असता तर नमाज पढून उठता उठता त्याला हिंदू म्हणून लिहिलं असतं. आणि एडिसनमध्येही भारतीय फार झाले म्हणून कुरकुरणारे आहेतच. तिथला 'बाहेरचा' आमचा पुतण्या, आणि इथल्या ग्रुपवर लाल चेहरा टाकणाऱ्यात तोही आहे. आधी मोजताना तो सुटला होता. म्हणजे एकूण बारा.

बाहेरच्यांमुळे पोरांना काम नाही, हे वाक्य मी खोटं म्हणणार नाही. मजुरीचे दर पडतात, हे खरं आहे. पण नेपाळ्याला बोलावतो कोण? बागायतदार आपलाच, होडीमालक आपलाच, बिल्डरच्या पार्टनरात दोन आडनावं आपल्याच वाडीतली. माझ्या भाच्याला आमच्याच बागेत फवारणीला उभा केला, तर तिसऱ्या दिवशी त्याचा पुण्याला इंटरव्ह्यू निघाला.

शिवाय वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतींत वाटताना लोकसंख्या बघतात. मांगरातलं नेपाळी पोर मोजलं गेलं तर नळाच्या पाइपाला त्याच्या नावाचे चार पैसे येतात. डोंबिवलीतल्या नावाचे डोंबिवलीला जातात. पाणी मात्र गणपतीत सगळ्यांनाच लागतं, आणि तेव्हा टँकर का नाही म्हणून सरपंचाला फोन करणारे हेच.

थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली ब्रह्मदेशातून आणून इथे ठेवलं. तो १९१६ला इथेच गेला. त्याची नात इथे वाढली, मराठी बोलली, मराठी माणसाशी लग्न करून इथेच म्हातारी झाली. तिला गावाने कुठल्या टक्क्यात धरलं असेल, कुणास ठाऊक.

असो. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: "आकडा २०२७च्या फेब्रुवारीत घेतील. तेव्हा गावात असलास तर तुलाही धरू."

त्याचं लगेच उत्तर आलं, "काकू, शिमग्याला नक्की येतोय."

कॅलेंडर बघितलं. २०२७चा शिमगा मार्चात आहे.