ईडिपसचे डोळे कोणी फोडले?

काल कट्ट्यावर ग्रीक ट्रॅजेडीचा विषय निघाला आणि आमच्या नित्याने बसल्या बसल्या निकालच लावून टाकला, की देवाने सगळं आधीच ठरवलंय तर ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या त्या ईडिपस राजाच्या हातात होतं काय, त्याचं नाटक कशाला बघायचं.

मला हे अजिबात पटलं नाही. अरे, बापाला मारशील, आईशी लग्न करशील ही डेल्फीच्या मंदिरातली अपोलो देवाची भविष्यवाणी, ती चुकवायला त्याने कॉरिन्थ सोडलं, कारण तिथलेच आपले आईबाप असं त्याला वाटत होतं, तिठ्यावर वाट देण्यावरून भांडण होऊन लायसला, म्हणजे खऱ्या बापालाच, न ओळखता मारलं, मग थीब्ज शहराचं राज्य आणि जोकास्टाशी, म्हणजे खऱ्या आईशी, लग्न, हे सगळं पडदा उघडायच्या आधीच होऊन गेलेलं असतं! सोफोक्लीस आपल्याला दाखवतो तो पुढचा शोध.

"पण लायसचा खुनी शोधा हा हुकूमही अपोलोचाच ना?" सम्या.

हो, पण तो खुन्यापुरता. आपण कोणाच्या पोटचे हे खणून काढ असं कुठल्या देवाने सांगितलं होतं? जोकास्टाला आधी कळतं, ती हातापाया पडते की बाबा आता थांब, त्याच्या जन्माचं गुपित माहीत असलेला म्हातारा धनगर म्हणतो की आता भयंकर तेच बोलायची वेळ आलीय, आणि हा म्हणतो माझी ऐकायची, पण ऐकायलाच हवं. माझ्या अंगावर तिथे दर वेळी काटा येतो. न विचारता गप्प राहिला असता तर राजा म्हणून मेला असता कदाचित.

सम्या ऐकेना. म्हणे, टायरेसियस या भविष्यवेत्त्याने तोंडावर सांगितलं होतं की तू आंधळा होशील, म्हणजे तेही ठरलेलंच.

आंधळा होशील म्हणाला, पण कोणाच्या हाताने ते नाही म्हणाला. जोकास्टाच्या कपड्यांवरच्या सोन्याच्या पिना उपसून हा डोळ्यांत पुन्हा पुन्हा खुपसतो आणि नंतर स्वतःच सांगतो, ही दुःखं अपोलोने आणली पण वार करणारा हात माझाच. देवाला त्याचा वाटा देऊन उरलेला स्वतःकडे ठेवणं, मला तरी बंड म्हणजे हेच वाटतं.

"आणि सोफोक्लीसच्याच त्या दुसऱ्या, कोलोनसच्या नाटकात म्हातारपणी काय म्हणतो? मी अजाणता केलं, माझा दोष नाही," नित्या परत आला.

खून आणि लग्नाबद्दल म्हणतो तसं, बरोबरच आहे त्याचं. पण स्वतःला केलेल्या शिक्षेबद्दल त्याच नाटकात म्हणतो की राग ओसरल्यावर कळलं, मी फार पुढे गेलो. त्या शिक्षेचा दोष तिथे अपोलोवर टाकत नाही.