उष्टी गाणी?

सकाळी एका ग्रुपवर मेक्सिकन गायक विसेंते फर्नांडेसच्या 'मानो अ मानो' अल्बमबद्दल दोन ओळी लिहिल्या. लगेच एकांचं उत्तर आलं, "म्हातारपणी दुसऱ्यांची उष्टी गाणी गायली आणि ग्रॅमी घेतलं. यात कौतुक कसलं?" तेव्हापासून डोकं तापलंय. तिथे लिहिलं तर भांडणच होईल, म्हणून इथे लिहितेय.

उष्टी म्हणे! आपण लोक एकच बंदिश दहा गवयांकडून ऐकत रात्री जागवतो. कुणाला विचारतो का, ही चीज तुम्ही बांधलीत का म्हणून? कुमारजींनी 'मला उमजलेले बालगंधर्व' गायले, तेही उष्टंच का मग?

२०१४ मध्ये हा अल्बम आला. जुने टँगो, म्हणजे अर्जेंटिनाची नृत्यगीतं, आणि साथीला मारियाची हा मेक्सिकन वाद्यवृंद. फर्नांडेस तेव्हा ७४ वर्षांचे. २०१२ मध्येच त्यांनी निवृत्ती जाहीर केली होती. आयुष्यभर रांचेरा, म्हणजे मेक्सिकोची पारंपरिक गाणी, गाऊन नाव झालं होतं, आता काही सिद्ध करायचं उरलं नव्हतं. तरी हा माणूस टँगोचा दैवत मानलेला गायक कार्लोस गार्देल, त्याच्या गाण्यांना हात घालतो! लॅटिन अमेरिकेत गार्देल म्हणजे काय, हे सांगायला नकोच. १९३५ मध्ये कोलंबियात मेदेयीनला विमान अपघातात गेला, तरी लोक अजून त्याच्यावर जीव टाकतात. तिथे चूक झाली तर कुणी माफ करत नाही.

मला हा अल्बम ऐकवला तो ह्यूस्टनला आमच्या शेजारच्या आजोबांनी. मूळचे मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याचे, म्हणजे फर्नांडेसच्याच मुलखातले. रविवारी गॅरेज उघडं टाकून गवत कापायचं यंत्र खोलून बसायचे, हात तेलाने काळे, आणि आत हे टँगो मोठ्याने. मी विचारलं, हे तर अर्जेंटिनाचं ना? नातवाने मध्ये दुभाष्या होऊन दोन्हीकडचं सांगितलं. आजोबा म्हणाले, माझे वडील रेडिओवर गार्देल ऐकायचे, मग ते आमचं नाही तर कुणाचं?

खरंच आहे ते. लिबेर्ताद लामार्के ही टँगोची केवढी मोठी गायिका. चाळिशीच्या दशकात ब्यूनोस आयरिस सोडून मेक्सिकोला आली आणि तिथलीच झाली. टँगो मेक्सिकोत पाहुणा नव्हताच कधी.

आता 'मानो अ मानो' हे गाणंच घ्या. शब्द सेलेदोनियो फ्लोरेसचे, चाल गार्देल आणि रासानोची, गार्देलने ध्वनिमुद्रित केलं १९२३ मध्ये. सोडून गेलेल्या बाईला तो म्हणतो, आता तुझं माझं काही देणं-घेणं राहिलं नाही. सगळं गाणं टोमण्यांनी भरलेलं. आणि शेवटच्या कडव्यात म्हणतो, म्हातारी झालीस, कुणी विचारेनासं झालं, तर या मित्राची आठवण ठेव, जिवावर उदार होऊन धावून येईन. ते कडवं आलं की आजोबा हातातला पाना खाली ठेवायचे आणि हळू आवाजात सोबत म्हणायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती त्यांची. मी तेव्हा काही बोलायची नाही.

तरुण गायकाच्या तोंडी हे कडवं म्हणजे नुसतं आश्वासन. ७४ वर्षांच्या माणसाने म्हटलं की त्याला वजन येतं. हे त्या ग्रुपवरच्या गृहस्थांना कसं कळायचं?

बरं, एक मान्य करते. फ्लोरेसची ती ब्यूनोस आयरिसच्या गल्लीबोळातली भाषा हालिस्कोच्या तोंडी तितकी खट्याळ लागत नाही. बांदोनेऑन या टँगोच्या भात्याच्या वाद्याचा तो कोंडलेला श्वास मारियाचीच्या ट्रम्पेटला येणार नाही, तेही खरं. आणि ग्रॅमी मिळालं म्हणून गाणं थोर, असं मीही म्हणणार नाही.

पण त्यांनी गार्देलची नक्कल केली नाही! अर्जेंटिनाचा हेल काढला नाही. मोकळा, छातीतून येणारा आवाज लावला, जसा आयुष्यभर लावला तसाच. अल्बमच्या नावातच लिहिलंय, विसेंते फर्नांडेसच्या ढंगातले टँगो. फसवलंय कुणाला?

१२ डिसेंबर २०२१ ला फर्नांडेस गेले. मेक्सिकोच्या लाडक्या ग्वादालूपे मातेचा, म्हणजे मेरीमातेचा, दिवस होता. आजोबांचं गॅरेज उघडं होतं, पण यंत्राला हात लावलेला नव्हता. मी गेले तेव्हा त्यांनी रांचेरा नाही लावलं, हाच अल्बम लावला. नातू रडत होता, आजोबा त्याला धीर देत होते. हे लिहिताना राग जरा उतरलाय खरा.

तरी त्या गृहस्थांनी अल्बम ऐकलेला नाही, एवढं छातीठोक सांगते. तुम्ही तरी ऐका. आधी गार्देलचं जुनं ध्वनिमुद्रण, मग हे, एकाच बैठकीत, मध्ये फोन न बघता. ऐकून आवडलं नाही तर खुशाल खाली लिहा, भांडू. न ऐकता लिहिलंत तर मात्र उत्तर देणार नाही.