एक जीन्स वाळवायला किती वीज लागते?

सकाळपासून तोच व्हिडिओ येऊन पडतोय. लाकडी घर, पत्र्यावर पाऊस, खिडकीत बसलेली बाई, हातात वाफाळता कप, खांद्यावर पांढरी शाल. खाली ओळ, ‘ना वीजबिल, ना घड्याळ’. आणि पाठवणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं एकच: अगं, हे तर तुझंच आयुष्य!

नाही हो. ती ठणठणीत कोरडी शाल बघून माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की बाई, ही तू वाळवलीस कुठे?

उष्ण आणि पावसाळी हवेत ग्रिडशिवाय, म्हणजे बाहेरच्या वीजजोडणीशिवाय, राहणाऱ्या आमच्यासारख्या कुणालाही विचारा, दिवसभर काय करता म्हणून. सोलर-बिलर नंतर. आधी वस्तू कोरड्या ठेवतो. सरपण, मीठ, काडेपेटी, कागदपत्रं, संडासात पाण्याऐवजी टाकायचा भुसा, पायांच्या बोटांमधल्या बेचक्या. बाकीची कामं त्यातून वेळ उरला तर.

माझा मावसभाऊ मागे एका पावसाळ्यात राहायला आला होता. नाव घालत नाही, तो इथेच आहे आणि त्याला टॅग करणारे आगाऊही इथेच आहेत. ‘ताई, मला जरा डोकं शांत करायचंय,’ म्हणाला. ये म्हटलं. आला तेव्हा झड लागलेली. दोन दिवस त्याचं डोकं छान शांत झालं. मग त्याच्या लक्षात आलं की आल्या आल्या धुतलेली जीन्स अजून तशीच ओली आहे, उलट आता वास मारतेय. जीन्स! झडीत! तर एका रात्री आम्ही झोपल्यावर पठ्ठ्याने बॅगेतून इस्त्री काढली. आमच्या घरात इस्त्री नाही. ती त्याने सोबत आणली होती, छोटी, प्रवासाची. आणि बसला जीन्सवर फिरवत.

सकाळी उठले तर इन्व्हर्टर बंद, फ्रिज बंद, आणि हा खुर्चीत कोरडी जीन्स घालून प्रसन्न.

‘एवढीशी तर इस्त्री, ताई.’

इस्त्री एवढीशी असेल, पाणी एवढंसं नसतं. एक लिटर पाण्याची वाफ करायची तर जवळजवळ ०.६३ युनिट लागतं, मग ती वाफ इस्त्रीने करा नाहीतर चुलीवर. हाताने पिळलेल्या जाड जीन्समध्ये अर्धा लिटर पाणी सहज राहतं. त्यात इस्त्रीची निम्मी उष्णता खोलीतच जाते. आमचा लहान फ्रिज दिवसरात्र चालून जेवढी वीज खातो तेवढी याने एका पँटपायी घालवली. तीही अशा आठवड्यात, जेव्हा दाट ढगांमुळे पॅनल नेहमीच्या १० ते २५ टक्केच देत होतं.

तुम्ही जिथे राहता तिथे हेच काम ऊन गुपचूप करून जातं. कुणी मोजत नाही. मोजायला लागल्यावर कळतं.

माझी सकाळ कशी असते ते सांगते, कारण व्हिडिओतल्या बाईची सकाळ आता सगळ्यांना पाठ झालीये. उठल्या उठल्या, काहीही सुरू करायच्या आधी, बॅटरीचा आकडा बघायचा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ असेल तर निम्मी संपली. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली न्यायची नाही हा नियम. इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो तो साधारण १०.५ ला, आणि तोवर बॅटरी पार खाली गेलेली असते. अशी एकेक रात्र तिचं आयुष्य खाते. वर आमच्यासारख्या हवेत उकाडाही तेच करतो. १० अंशांनी तापमान वाढलं की बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणून घरातली सगळ्यात गार, वारा खेळणारी जागा आमच्या वाट्याला नाही, बॅटरीच्या वाट्याला आहे. (हो, लिथियम घेतली असती तर यातल्या बऱ्याच कटकटी गेल्या असत्या. घेऊ. झालं?)

मग पन्हाळी. पानं काढायची, टाकीच्या तोंडावरची जाळी बघायची. पाऊस थोडे दिवस थांबून पुन्हा आला की पहिलं पाणी टाकीत घ्यायचं नाही. छपरावरची धूळ, पक्ष्यांची घाण सगळी त्यात उतरते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, त्यामुळे पाण्याला तोटा नाही, टाकी वाहत असते. पिण्याजोगं पाणी मात्र वेगळं. ते उकळायचं, चांगली खळखळ उकळी येऊन निदान एक मिनिट. पारदर्शक बाटल्या भरून उन्हात ठेवायची पद्धत आहे, चांगली आहे. स्वच्छ उन्हात सहा तास, ढगाळ असेल तर दोन दिवस. पण सलग पाऊस असेल तर तिचा काडीचा उपयोग नाही. म्हणजे पुन्हा चूल, म्हणजे पुन्हा कोरडं सरपण.

आणि डास. बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, ताडपत्रीच्या घडीत साचलेलं ओंजळभर पाणी, आठवड्यातून एकदा सगळं उपडं करायचंच. या उकाड्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचं अंड्यापासून उडेपर्यंतचं सगळं आठ-दहा दिवसांत उरकतं. एक आठवडा कंटाळा केला की झालं.

यातलं काही कठीण आहे का? नाही. रोज आहे, एवढंच.

चार्ज कंट्रोलरचं, म्हणजे पॅनलची वीज बेताने बॅटरीत सोडणाऱ्या पेटीचं, झाकण उघडायचं काम वेगळं. त्या पेटीत ऊब असते, कोरडं असतं, म्हणजे सगळ्या घरात राहण्यालायक जागा ती एकच, हे पालींनाही कळतं. गेल्या वेळी उघडलं तर एक पाल सर्किटवर आडवी, वाळून कडक, शेपटी दोन टोकांमध्ये अडकलेली, बाजूला हिरवट काळा डाग. शेजारी दोन अंडी शाबूत. आता वायर आत जाते ती भोकं जाळीने बंद करते आणि तरी बघते.

व्हिडिओखाली एका विद्वानाने लिहिलंय, ‘खरे ऑफ-ग्रिड लोक फ्रिज वापरत नाहीत, माठात माठ ठेवतात.’ अरे बाबा. दोन माठ, मध्ये ओली वाळू, ही युक्ती झकास आहे. नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा नावाच्या शिक्षकाने ती गावोगावी पोचवली आणि २००० साली त्यांना रोलेक्स पुरस्कारही मिळाला. पण तो उत्तर नायजेरियाचा कोरडा प्रदेश. वाळूतलं पाणी उडतं म्हणून माठ गार होतो. आमच्या हवेत ते पाणी उडून जाणार कुठे? हवा आधीच काठोकाठ भरलेली. माठ गार होत नाही त्याच कारणाने घाम वाळत नाही, आणि त्याच कारणाने माझ्या मावसभावाची जीन्स वाळत नव्हती. पाण्याचा कूलर लावणं म्हणजे तर ओल्या फडक्याने ओला ओटा पुसणं.

कोरड्या प्रदेशातले लोक व्हिडिओ करतात आणि दमट प्रदेशातले लोक ते बघून घरं बांधतात, निम्मा घोळ हा आहे. बारीक खिडक्या, जाड मातीच्या भिंती, सपाट गच्ची. अहो, आपल्याला मोठी पाखी लागते, घरातून आरपार वारा लागतो, जमिनीपासून उचललेलं जोतं लागतं. पाखी इतकी बाहेर हवी की तिच्याखाली सरपण, चुली आणि कपड्यांची दोरी तिन्ही मावतील. आमची तेवढी आहे म्हणून आम्ही टिकलो. सरपण पाऊस सुरू व्हायच्या कितीतरी आधी रचलेलं असतं. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल असेल तर ते जळत नाही, धुमसतं, आणि धूर कुणाच्या छातीत जातो ते वेगळं सांगायला नको. चुलीच्या वर माळा केलाय, दोन दिवसांचं लाकूड तिथे शेकत असतं. त्याच माळ्याच्या कडेला मिठाची बरणी, काडेपेट्या आणि आमची अंतर्वस्त्रं. शोभेचं नाही. व्हिडिओत येणार नाही.

आणि हो, गॅस सिलेंडर आहे आमच्याकडे. शुद्धतेची परीक्षा घेणाऱ्यांनी दुसरीकडे जावं.

आता जे बोलायचंच होतं ते. कौतुक करणारे सगळे सोलरचं करतात. किती वॅट, कुठली बॅटरी, आणि विचारतात ते माझ्या नवऱ्याकडे बघून. पॅनल एकदा बसवलं की बसवलं. बुरशी पुसायचं फडकं मात्र रोज फिरतं. कपाटाच्या मागून, पुस्तकांच्या पाठीवरून, चपलांच्या आतून, भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यावरून. ते कुणाला दिसत नाही आणि कुणी विचारतही नाही. माझा नवरा पुसतो, त्याला नावं ठेवत नाही मी. पण मी पाहिलेल्या अशा बहुतेक घरांत फडकं बाईच्या हातात असतं आणि व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर बुवाच्या. साधेपणाने जगायचं म्हणून बाहेर पडलो आणि कामाची वाटणी आजोबांच्या काळातली घेऊन आलो. मग त्या बाईला शाल पांघरून खिडकीत बसवायचं आणि म्हणायचं, बघा किती निवांत. चीड येते. खरंच येते.

मावसभावाबद्दल मघाशी जरा जास्तच बोलले. त्या सकाळी फ्रिजचं गणित समजावलं तेव्हा तो आधी हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, ‘म्हणजे तू हे सगळं डोक्यात घेऊन झोपतेस?’ इतक्या पाहुण्यांत हा प्रश्न विचारणारा तो एकटा. त्यानंतर राहिला तेवढे दिवस सकाळचा आकडा त्याने लिहिला, खडूने, दाराच्या आतल्या बाजूला. संडासातला भुसा ओलसर लागला तर आपणहून टोपली चुलीपाशी नेऊन ठेवायचा (ओला भुसा टाकला की वास येतो, हे त्याला नाकाने शिकवलं, मी नाही). निघताना जीन्स इथेच ठेवून गेला. तिचे तुकडे करून मी बुरशी पुसते, जाड कापड आहे, उत्तम टिकतंय.

सुख आहेच, नाही कोण म्हणतं? झडीनंतर ऊन पडतं तेव्हा आम्ही जे काही बाहेर काढतो, गाद्या, उशा, वह्या, चपला, सगळं अंगण भरून, आणि दुपारपर्यंत बॅटरी भरून वर वीज उरते, त्या दिवशी मी राणी असते. तापलेलं पॅनल थोडं कमीच देतं, देऊ दे. त्या दिवशी फोन करा, गोड बोलेन.

पण ज्यांना मनापासून हे करायचंय त्यांनी कृपा करून उन्हाळ्यात जागा बघायला जाऊ नका. झडीत जा, झोपा तिथे, धुतलेला टॉवेल दोरीवर टाका आणि बघा तो कधी वाळतो. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, लेप्टोची भीती असते. आणि सोबत सुती जाड काही आणू नका, पातळ आणा.

उत्तरेकडे गडगडायला लागलंय. पॅनलचा स्विच पाडायला जाते, वीज पडली तर चार्ज कंट्रोलर जाईल. कमेंटमधलं भांडण रात्री, बॅटरी असली तर.