एरंडेलाच्या जुलाबाविषयी खुलासा

दर रविवारी उपाशीपोटी एरंडेल घेतल्यास आतड्याला वर्षानुवर्षे चिकटलेला मळ निघून जातो आणि सांधेदुखी व शुगर बरी होते, असा संदेश सध्या आपल्याकडील गावागावांत मोबाईलवर फिरत आहे. हा दावा चुकीचा आहे. आतड्याच्या अस्तरातील पेशी साधारण ३ ते ५ दिवसांत बदलत असल्याने तेथे जुना मळ थर धरून बसत नाही. एरंडेलाने त्या दिवशीच्या मळाबरोबर शरीराला हवे असलेले पाणी आणि क्षारच वाहून जातात. पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, असे जुलाब झालेली बाई दुसऱ्या दिवशी पहाटे तेंदूपाने तोडायला गेली, तर तिला भोवळ येऊन उष्माघाताचा धोका वाढतो. गरोदर स्त्रियांनी एरंडेल मुळीच घेऊ नये, कारण त्याने कळा सुरू होऊ शकतात.

पोट सांभाळण्यात मोठ्या आतड्यातील जिवाणूंचा मोठा वाटा असतो. आपल्याला न पचणारा तंतुमय भाग आंबवून ते जी आम्ले तयार करतात, त्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू सुचवले आहेत. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी यांतून ते सहज मिळू लागतात, आणि रेशनच्या तांदळामुळे ताटातून गेलेली भाकर परत यावी, असे आम्हांला मनापासून वाटते.

शुगरच्या गोळ्या कोणीही परस्पर बंद करू नयेत. शौचावाटे रक्त जात असल्यास किंवा विनाकारण वजन घटत असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच दाखवावे.