दोन ९७० काढून एक ३०६० लावणं म्हणजे ‘डाऊनग्रेड’ नव्हे

भाच्याने काल एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, ३०६०ची ऑर्डर रद्द करू का?” म्हणून हे लिहितोय. मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. त्यातले मुद्दे असे: दोन जीटीएक्स ९७० (एनव्हिडियाची जुनी ग्राफिक्स कार्डं) काढून एक आरटीएक्स ३०६० (त्यानंतरचं कार्ड) लावणारे फसतात. एसएलआयमध्ये, म्हणजे दोन कार्डं जोडून एकत्र चालवली की, ४ आणि ४ मिळून ८ जीबी मेमरी होते, फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) दुप्पट मिळतात. रेंडरिंगलाही (थ्रीडी सीनचं चित्र तयार करायला) दोन कार्डंच बरी. एका कार्डावर यायचं तर पॉवर सप्लाय बदला, विंडोज नव्याने टाका. त्यापेक्षा एकच ९७० असेल तर वापरलेलं दुसरं घ्या, आणि पॉवरची केबल कमी पडली तर साटाचा (हार्ड डिस्कच्या पॉवर केबलचा) अडॅप्टर लावा, काही होत नाही.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्याने घरात आग लागू शकते.

साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिन असतात, प्रत्येक पिन दीड अँपिअरची. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. सहा पिनच्या जोडणीतून ग्राफिक्स कार्ड ७५ वॅटपर्यंत घेऊ शकतं. हार्ड डिस्कला ५४ वॅटसुद्धा लागत नाहीत, म्हणून तिथे हा कनेक्टर वर्षानुवर्षं टिकतो. तोच कार्डाला जोडून गेम चालवला की पिन तापतात, भोवतीचं प्लास्टिक मऊ पडतं आणि पिनची पकड सैल होते. पकड सैल झाली की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. पुढे प्लास्टिक वितळतं आणि शॉर्ट होतो. त्याच केबलवर हार्ड डिस्क असेल तर तीही जाऊ शकते. सर्वसाधारण ९७०ला सहा पिनच्या दोन जोडण्या लागतात, दोन कार्डांना चार. तेवढ्या जोडण्या पॉवर सप्लायमध्येच नसतील, तर तो सप्लाय दोन कार्डांसाठी बनवलेलाच नाही. अडॅप्टरने जास्तीची पिन मिळते, जास्तीची ताकद मिळत नाही. हे “काही होत नाही” ज्याने लिहिलं त्याने ते ताबडतोब मागे घ्यावं.

आता मेमरी. एसएलआयमध्ये एक फ्रेम पहिलं कार्ड काढतं, पुढची दुसरं. त्यामुळे प्रत्येक टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरचं चित्र) दोन्ही कार्डांवर वेगवेगळं ठेवावं लागतं. ४ आणि ४ मिळून गेमला ४च मिळतात. ९७०मध्ये तर त्यातले साडेतीनच जीबी पूर्ण वेगाचे आहेत, उरलेला अर्धा संथ. हे जानेवारी २०१५मध्येच उघड झालं होतं. ३०६०वर १२ जीबी आहेत.

दुप्पट फ्रेमचा दावा जुन्या गेमपुरता अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करतो. ज्या गेमसाठी चांगलं एसएलआय प्रोफाइल (त्या गेममध्ये दोन कार्डांनी काम कसं वाटून घ्यायचं याची ड्रायव्हरमधली सेटिंग) बनलं होतं, तिथे दोन ९७० आजही दमदार चालतात. पण ‘प्रोफाइल’ हाच कळीचा शब्द आहे. सप्टेंबर २०२०मध्ये एनव्हिडियाने स्वतः जाहीर केलं की १ जानेवारी २०२१पासून आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या मालिकांसाठी नवीन एसएलआय प्रोफाइल येणार नाहीत. यापुढे गेम बनवणाऱ्यांनी आपापल्या इंजिनमध्ये सोय करावी. ती सोय फार थोड्यांनी केली. कारणही साधं आहे: आजची इंजिनं कडा गुळगुळीत करायला मागच्या फ्रेमची माहिती वापरतात आणि ती फ्रेम दुसऱ्या कार्डावर असते. ती इकडे आणेपर्यंत दोन कार्डांचा फायदा संपलेला असतो. परिणामी नव्या गेममध्ये दुसरं ९७० नुसतं बसून राहतं. जिथे दोन्ही चालतात तिथेही सेकंदाला सरासरी ६० फ्रेम दिसतात, पण एक फ्रेम ८ मिलिसेकंदांत येते आणि पुढची २५मध्ये. डोळ्याला ते अडखळणं जाणवतं, आकड्यात दिसत नाही. त्यात ९७०च्या पिढीचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये थांबले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात.

रेंडरिंगचा मुद्दा बरोबर आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं सायकल्स हे रेंडर इंजिन दोन्ही कार्डं वापरतं, त्याला एसएलआय लागतही नाही. पण पूर्ण वेग हवा तर अख्खा सीन प्रत्येक कार्डाच्या ४ जीबीत मावावा लागतो, आणि ३०६०मधले रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा हिशोब करणारे) खास कोअर ९७०मध्ये नाहीतच.

पॉवर सप्लाय बदलायची गरज बहुतेकांना नाही. दोन ९७० म्हणजे २९० वॅट, ३०६० म्हणजे १७०. एनव्हिडिया ३०६०साठी ५५० वॅटचा सप्लाय सांगते. दोन ९७० नीट चालवणारा सप्लाय एवढा असतोच. बहुतेक ३०६०ना आठ पिनची एकच जोडणी लागते. ती ६+२ पिनची पीसीआयईची (ग्राफिक्स कार्डासाठीची) केबल हवी. प्रोसेसरची ४+४ पिनची केबल जबरदस्तीने बसवू नका, तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूला असतात. मॉड्युलर (केबल काढता-लावता येणारा) सप्लाय असेल तर दुसऱ्या कंपनीची केबल लावू नका.

विंडोजही नव्याने टाकायला नको. नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये एसएलआय बंद करा, इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर पूर्ण पुसणारं सॉफ्टवेअर) जुना ड्रायव्हर काढा आणि मशीन बंद करा. सप्लायचं बटण बंद करून पॉवरचं बटण एकदा दाबा. आधी दोन कार्डांमधला ब्रिज (त्यांना जोडणारी पट्टी) काढा, मग स्क्रू, मग स्लॉटची खिट्टी दाबून कार्ड सरळ वर ओढा. खिट्टी विसरून ओढलं की स्लॉट तुटतो. नवं कार्ड प्रोसेसरजवळच्या वरच्या स्लॉटमध्येच बसवा. खालचा स्लॉट बहुधा ८ किंवा ४ लेनचाच (लेन म्हणजे माहिती जायची वाट) असतो. नंतर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १६ लेन दिसतात का ते पाहा. जुना मॉनिटर व्हीजीए असेल तर ९७०च्या डीव्हीआयला लावलेलं साधं टोपण इथे चालणार नाही, डिस्प्लेपोर्टचा किंवा एचडीएमआयचा सर्किट असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागेल.

भाच्याला कळवलं आहे: ऑर्डर राहू दे. फक्त खोक्यावर १२ जीबी लिहिलंय ना ते बघ, कारण त्याच नावाचं ८ जीबीचंही कार्ड विकलं जातं, आणि त्याची मेमरी बस (मेमरीपर्यंतच्या वाटेची रुंदी) १९२ऐवजी १२८ बिटची आहे.