चिठ्ठ्यांचा डबा आठवडाभर आधी ठेवा

थँक्सगिव्हिंगच्या (अमेरिकेतला आभार मानण्याचा सण, नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) जेवणाला बसल्यावर प्रत्येकाने आळीपाळीने आभार मानावेत, ही नेहमीची सूचना टेबलावर बहुधा फसते. पहिला माणूस 'कुटुंब आणि आरोग्य' म्हणतो, पुढचे सगळे तेच म्हणतात, मुलं लाजतात आणि जेवण गार होतं.

त्यापेक्षा आदल्या गुरुवारी स्वयंपाकघरात रिकामा डबा, पेन आणि चिठ्ठ्या ठेवा. चिठ्ठी एकच वाक्य मावेल एवढीच हवी. कोणी, काय केलं आणि त्यामुळे काय सोपं झालं, एवढंच लिहायचं. 'आई चांगली आहे' बाद. 'परीक्षेच्या आठवड्यात दादाने माझी भांडी घासायची पाळी घेतली' चालेल. माणशी तीन पुरेत. दहा मागितल्या की नुसती भरती होते. लिहिता न येणाऱ्यांनी चित्र काढावं, आजी-आजोबांनी खुशाल मराठीत लिहावं. वाचन जेवणानंतर, गोडाचा पाय (pie) कापायच्या आधी, आणि एकानेच करायचं. लिहिणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, नाहीतर चिडवाचिडवी ठरलेली. घरात त्या वर्षी कोणी गेलं असेल तर त्या माणसाबद्दलची चिठ्ठीही चालते. कोणाला लिहायचंच नसेल तर आग्रह नको.

भारतातल्यांना व्हिडिओ कॉलवर घ्यायचं असेल तर सकाळीच घ्या. नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या सकाळी ९ला पुण्यात संध्याकाळचे साडेसात असतात. दुपारी ४च्या जेवणाला तिकडे रात्रीचे अडीच. त्यांच्या चिठ्ठ्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मागवून डब्यात टाकता येतात.